सनावरची लॉरेन्स स्कूल: भाचीसाठी बघायला गेलो त्याबद्दल

भाचीच्या ॲडमिशनचं चाललंय म्हणून ताई-दाजींबरोबर मीपण गेले होते, कालका-शिमला गाडीने धरमपूरला उतरलो आणि तिथून टॅक्सीने वर. हिमाचलमधली ही निवासी शाळा कसौलीच्या जवळच आहे. आधी परवानगी काढून जा, असंच कोणी आत सोडत नाही.

आता इमारती, मैदानं वगैरे छान आहेतच, पण मला धरून ठेवलं ते शाळेच्या इतिहासाने. १८४७ साली ब्रिटिश अधिकारी हेन्री लॉरेन्स आणि त्यांची बायको होनोरिया यांनी गोऱ्या सैनिकांच्या मुलांसाठी, त्यातही अनाथ मुलांसाठी ही शाळा काढली आणि पहिल्या तुकडीत जेमतेम १४ जणं, पण त्यात मुलगे आणि मुली दोन्ही! म्हणजे पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली त्याच्या एक वर्ष आधी. अर्थात आपल्या पोरांना तेव्हा इथे जागा नव्हती, हे विसरून कौतुक करणं मला नाही जमत. बांधकामावर देखरेख करायला कोण, तर हॉडसन, तोच ब्रिटिश अधिकारी ज्याने पुढे १८५७ मध्ये मुघल बादशहा बहादूरशहाला पकडलं आणि शहजाद्यांना गोळ्या घातल्या. ऐकून अंगावर काटाच आला.

स्वातंत्र्यानंतर शाळा आधी संरक्षण खात्याकडे, मग शिक्षण खात्याकडे गेली आणि १९५३ पासून स्वतंत्र सोसायटी चालवते. हाऊसची (म्हणजे मुलांच्या गटांची) नावं हिमालय, निलगिरी, शिवालिक, विंध्य, सह्याद्री नाही याची थोडी खंत वाटली खरं सांगते. १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईत २१ व्या वर्षी गेलेले परमवीर चक्र विजेते अरुण खेत्रपाल इथलेच विद्यार्थी, ज्या शाळेत आपल्याला दारच बंद होतं तिथलाच मुलगा आपल्या देशासाठी रणगाड्यात लढत गेला, हे मनातून जातच नाही माझ्या.

फी लाखांत आहे, ती नीट विचार करूनच ठरवा, आणि एवढ्या लहान पोरांना घरापासून लांब ठेवणं प्रत्येकाला झेपेलच असं नाही. ताईचं अजून ठरत नाहीये.

आम्ही निघालो तेव्हा चढावरून मुलं-मुली हॉकी स्टिक खांद्यावर टाकून धापा टाकत वर येत होती, गाल लालेलाल, एका मुलीच्या बुटाची लेस सुटलेली तर मागचा मुलगा तिची स्टिक धरून थांबला होता. भाची काचेला नाक लावून बघत राहिली. कालका येईपर्यंत गप्प, आणि मग एकदम, "मावशी, हॉकी येत नसेल तरी घेतात का गं?"