चेसिंगबॉटम्स: फोल्ड कुठे आळशीपणा करतो ते पकडणारी लायब्ररी

हास्केल या आळशी (गरज पडेपर्यंत हिशोब न करणाऱ्या) प्रोग्रॅमिंग भाषेत फोल्ड, म्हणजे लिस्टवरून एकेक घर जात एकच उत्तर काढणारं फंक्शन, लिहिता ना, मग ही लायब्ररी एकदा वापरून बघाच. मी दोन शनिवार घालवले हिच्यावर, आणि वाया नाही गेले.

काम साधंय. बॉटम म्हणजे अशी व्हॅल्यू की काढायला गेलं की एरर, नाहीतर कधीच न संपणारा हिशोब. लिस्टमधे मुद्दाम हा सुरुंग पुरायचा, फोल्ड चालवायचा आणि लायब्ररीतल्या इझबॉटम फंक्शनला विचारायचं फुटला का. मी दोनच घरांची लिस्ट घेतली, पहिल्या घरात बॉटम, दुसऱ्यात २, आणि फंक्शन असं की जुना अक्युम्युलेटर (आतापर्यंतचं उत्तर) टाकून द्यायचा, नवीन घरातली व्हॅल्यू घ्यायची. साधा फोल्ड-एल मजेत २ देऊन मोकळा, पण त्याचा कडक भाऊ फोल्ड-एल-प्राइम दर पावलाला अक्युम्युलेटर उघडून बघतो म्हणून तो पहिल्याच घरात उडाला. (हा प्राइमवाला हास्केलच्या जीएचसी कंपायलरच्या ९.१० पासून, म्हणजे २०२४ पासून, प्रेल्यूड या आपोआप येणाऱ्या लायब्ररीतच मिळतो, वेगळा इंपोर्ट नको. उशिरा का होईना!)

खरी मजा ट्युपलमधे आली. सरासरी काढायला बेरीज आणि संख्या अशी जोडी घेऊन प्राइम लावला की आपण निर्धास्त, पण लिस्टमधे बॉटम टाकूनही इझबॉटम म्हणतो काही फुटलं नाही!! कारण प्राइम फक्त वरचा डबा उघडतो, आतल्या दोन बेरजा थंक (न सोडवलेले हिशोब) बनून साठतच राहतात आणि मोठ्या लिस्टवर रॅम खात बसतात. आता स्टॅकची डीफॉल्ट मर्यादा मेमरीच्या ८० टक्के असल्यामुळे ओव्हरफ्लोची एररही लवकर येत नाही, नुसता लॅपटॉप गरम होतो. ऑप्टिमायझेशन चालू केलं की कंपायलर बऱ्याचदा स्वतःच हे सांभाळून घेतो, म्हणून चूक जीएचसीआयमधे (कोड ओळीओळीने चालवून बघायच्या शेलमधे) दिसते आणि बिल्डमधे गायब, त्यात माझी एक अख्खी दुपार गेली. शेवटी दोन्ही घटकांना बँग (! ही खूण, म्हणजे हिशोब आत्ताच कर) लावले आणि त्याच टेस्टमधे बॉटम लगेच फुटला, म्हणजे टेस्ट पास.

कुरबूर एकच. इझबॉटम स्वतःही फक्त वरचाच थर बघतो, ते चालतं, पण फोल्ड अनंत लिस्टवर अडकला तर हाही बिचारा त्याच्यासोबत अडकून बसतो. टाइमआउटवालं फंक्शन वेगळं दिलंय, ते आधी शोधून ठेवा, मला कंट्रोल-सी मारून मारून कळलं.