घाण्याचं खोबरेल एकदम झकास, पण बाटली भंगार
आमच्या कोपऱ्यावरच्या लाकडी घाण्यावर खोबरेल समोर काढून देतात, वास तर असला भारी की झाकण उघडलं की घरभर खोबरं खोबरं. केसांना, अंगाला, फोडणीला पण चालतं. थंडीत गोठलं म्हणून भेसळ आहे समजू नका, खोबरेल 24 डिग्रीच्या आसपास घट्ट होतंच. तळाला गाळ बसतो, वरचं नितळ ओतून घ्यायचं. रेट जरा जास्तच आहे बुवा. डास पळवायला सिट्रोनेला (गवती चहासारख्या गवताचं उग्र वासाचं तेल) पण ठेवतात, पण ते नुसतं अंगाला लावायचं नसतं, चमचाभर खोबरेलात दोन थेंब बास, आणि हे ना दुकानवाला सांगतो ना लेबलवर लिहिलंय! झाकण गळकं, पिशवी सगळी तेलकट. घरूनच स्टीलची बरणी न्या.