मिनी राउंड बेलर, ऑक्टोबर ते मे: वापरानंतरचा अनुभव

मिनी राउंड बेलर म्हणजे वाळलेलं गवत किंवा काड उचलून त्याचे छोटे गोल गठ्ठे बांधणारं, ट्रॅक्टरमागे जोडायचं यंत्र. 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, पीटीओ (यंत्राला ताकद देणारा ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांवर, गठ्ठा साधारण 61 सेंटिमीटर व्यासाचा आणि 93 सेंटिमीटर लांब. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांधावरचं आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पडीक रानातलं मारवेल-पवन्या गवत, मार्च-एप्रिलात हार्वेस्टरमागचं गव्हाचं काड, मे महिन्यात किरकोळ उरलंसुरलं. एवढ्या कामावरून हे लिहितोय.

यंत्र चांगलं आहे. पण गठ्ठा ढिला, तिरपा किंवा बुरशीचा निघाला तर बहुतेक वेळा खोट बेलरमध्ये नसते, त्याच्यापुढे टाकलेल्या गवताच्या ओळीत असते. विक्रेता बेलर चालवून दाखवतो, रेकचं, म्हणजे कापलेलं गवत ओढून ओळ लावणाऱ्या अवजाराचं, नावही काढत नाही. दोन्ही एकदम घेणं झेपत नसेल तर रेक विकत घ्या आणि बेलर भाड्यानं आणा. उलटं केलं तर पस्तावाल.

ओळ पिकअपच्या (बेलरच्या पुढच्या, गवत उचलणाऱ्या दातांच्या भागाच्या) रुंदीएवढी आणि दोन्ही कडांना सारखी भरलेली हवी. मजुरांनी हातानं ओढलेली ओळ मधोमध उंच आणि कडेला विरळ असते. मग गठ्ठा पोटात फुगतो, टोकांना ढिला राहतो आणि तिथली सुतळी घसरते. अशा ओळीवर ट्रॅक्टर सरळ चालवू नका. थोडा वेळ डाव्या कडेनं, थोडा वेळ उजव्या कडेनं घ्या. सारखा नागमोडी हाकला तर मात्र प्रत्येक वळणावर गवत मध्यावरच पडतं आणि फरक काही पडत नाही.

वाळवण हा खरा कळीचा भाग. मारवेल फुलोऱ्याला लागताच, जमिनीपासून 5-7 सेंटिमीटर वर कापायचं. कुसळी गवत मिसळलेलं असेल तर कुसळं धरण्याआधीच कापा, नाहीतर ती ढोरांच्या हिरड्यांत आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस पुरतात, पण एकदा उलथणी हवीच. वरून कुरकुरीत लागलं म्हणून फसू नका, ओल पेरात लपते. नखानं पेर खरवडा. ओलसर लागलं तर अजून एक दिवस. घरगुती खात्री हवी असेल तर कोरड्या काचेच्या बरणीत बारीक कापलेलं मूठभर गवत आणि चमचाभर कोरडं मीठ घालून मिनिटभर हलवा. मिठाचे खडे जमले किंवा ते बरणीला चिकटलं, तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. 20 टक्क्यांच्या पुढे बांधलेला गठ्ठा आतून तापतो, काळा पडतो आणि उघडला की पांढरी धूळ उडते. ही धूळ माणसाच्या छातीलाही वाईट.

नोव्हेंबरात दव असतं, ऊन चांगलं चढेपर्यंत थांबावं लागतं. गव्हाच्या काडाचं नेमकं उलट. दुपारी ते इतकं ठिसूळ आणि गुळगुळीत होतं की चेंबरमध्ये, म्हणजे गठ्ठा वळतो त्या पोकळीत, फिरतच नाही, नुसतं घसरतं आणि निम्मं भुसा होऊन खाली पडतं. ते पहाटे बांधा.

दादर ज्वारीचा कडबा यात घालू नका. लांब, जाड ताटं रोलरला गुंडाळतात आणि अर्धा दिवस कोयत्यानं कापून काढण्यात जातो. त्याच्या पेंढ्या आणि कुट्टी हेच बरं. नेपिअरचंही तसंच, खोड वाळेपर्यंत पानं झडून जातात.

आता सुतळी. घेर साधारण 1.9 मीटर, म्हणजे 10 वेढ्यांना 19-20 मीटर आणि 100 गठ्ठ्यांना 2 किलोमीटर. बंडल घेताना वजनापेक्षा मीटर विचारा. गव्हाच्या काडाला 8 वेढ्यांत गठ्ठा उचलताना सुटतो, तिथे 10-12 ठेवा. चेंबर भरल्याचा इशारा आला की पुढे जाणं थांबवायचं, पीटीओ मात्र चालूच ठेवायचा, सुतळी कापली गेल्यावरच मागचं दार उघडायचं. घाईत आधी उघडलं तर गठ्ठा न कापलेल्या सुतळीचं शेपूट घेऊन बाहेर येतो. सुतळी गुंडाळायलाच लागत नसेल तर आधी सुरी आणि ताण देणारी स्प्रिंग बघा. बोथट सुरी सुतळीला चघळते.

पिकअपचे दात जमिनीपासून 2-3 सेंटिमीटर वर ठेवा. काळ्या रानात खाली घेतले की ढेकळं आत जातात, मुरमाड पडीकात दात वाकतात. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी स्वतः तुटून यंत्र वाचवणारा बोल्ट) तुटला की कंपनीनं सांगितलेल्याच ताकदीचा टाका. दुकानात मिळाला म्हणून कडक बोल्ट लावला की पुढच्या वेळी बोल्ट वाचतो आणि गिअरबॉक्स जातो. चेनला तेल रोज आणि संध्याकाळी बेअरिंगभोवती गुंडाळलेलं गवत काढणं, हे सालदाराला लावून दिलेलं काम असलं तरी स्वतः डोकावून बघा. आगीची सुरुवात तिथूनच होते. पिकअप तुंबला तर पीटीओ बंद करून इंजिन थांबल्याशिवाय हात घालायचा नाही. पायानं ढकलणं तर अजिबात नाही. उतारावर गठ्ठा सोडताना ट्रॅक्टर आडवा घ्या, गोल वस्तू खाली धावते.

वजन गवताप्रमाणे 20-25 किलो भरतं, एक माणूस सहज उचलतो, हा मोठा फायदा. साठवताना 100 गठ्ठ्यांना साधारण 35 घनमीटर जागा धरा, गोल असल्यामुळे फटी राहतातच. पहिले दोन-तीन आठवडे थप्पी लावू नका; लाकडं किंवा बांबू टाकून एकाच थरात पसरा आणि अधूनमधून लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळानं हात लावून बघा. चटका बसला तर तो गठ्ठा लगेच शेडबाहेर काढून फोडा.

ज्यूटची सुतळी उंदीर कुरतडतात, प्लास्टिकची टिकते, पण ती ढोराच्या पोटात गेली तर बाहेर येत नाही. प्लास्टिक वापरत असाल तर गव्हाणीत टाकण्याआधीच सगळे वेढे कापून ओढा आणि गोठ्याबाहेरच्या डब्यात टाका. वैरणीच्या ढिगावर ठेवलेली सुतळी संध्याकाळी पुन्हा गव्हाणीतच येते.