युकुलेले धरायचं कसं? नुसत्या हातांनी, मांडीवर, हुकच्या पट्ट्यावर की दोन बटणांच्या पट्ट्यावर

युकुलेलेवर, म्हणजे गिटारसारख्या चार तारांच्या लहान वाद्यावर, सी, एफ, जी सेव्हन हे कॉर्ड हाताला बसले, चारपाच गाणी वाजायला लागली की बहुतेकांना हा प्रश्न पडतोच. शिकवणारे म्हणतात छातीशी धरा, पट्टा लागत नाही, दुकानात गेलं तर पट्टा पुढे करतात, आणि घरी वाजवताना वाद्य सारखं घसरत असतं. मी आधी सोप्रानोवर (सगळ्यात लहान नेहमीचं माप) आणि मग टेनरवर (मोठं माप) असे सगळे प्रकार करून बघितलेत म्हणून लिहितोय. प्रत्येकाचा हात, पोट, खांदा वेगळा असतो, त्यामुळे तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं हे आधीच सांगतो.

नुसत्या हातांनी धरणं म्हणजे कोपराच्या पुढचा उजवा हात वाद्याच्या फुगीर भागावर, वाद्य बरगड्यांशी हलकं दाबलेलं, आणि डावीकडे अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात नेक, म्हणजे वाद्याची लांब मान. यात चुकीचं काहीच नाही, मूळ पद्धत हीच आहे. १८७९ मध्ये मदेरा बेटावरची पोर्तुगीज माणसं रेव्हन्सक्रॅग जहाजातून होनोलुलूला आली, त्यांच्याकडच्या माशेत नावाच्या लहान वाद्यावरून हवाईत युकुलेले घडलं, आणि ते सोप्रानोच्या मापाचं होतं, हलकं, लाकडी खुंट्यांचं. कॉन्सर्ट (मधलं माप) आणि टेनर आले ते १९२० च्या दशकात. म्हणजे 'पट्टा लागत नाही' हा सल्ला ज्या वाद्यावरून आला ते एवढंसं होतं, आणि आज आपण तोच सल्ला फार जास्त लांब नसलं तरी चांगलं जड असलेल्या, गिअरच्या धातूच्या खुंट्या लावलेल्या टेनरला लावतो. त्या चार खुंट्यांचं वजन सगळं नेकच्या टोकाला असतं आणि डाव्या हाताला ते लगेच कळतं.

आता मला जे खटकत राहिलं ते सांगतो, कारण माझा निर्णय त्यावरच झाला. एफच्या पट्टीतलं कुठलंही गाणं घ्या, एफ, बी फ्लॅट आणि सी सेव्हन बहुतेक लागतातच. सी सेव्हनला एकच बोट लागतं, एफला दोन, तोपर्यंत नेक बेचक्यात आरामात बसलेला असतो. बी फ्लॅटला तर्जनी आडवी टाकून पहिल्या पडद्यावरच्या दोन तारा दाबायच्या, मधलं बोट दुसऱ्या पडद्यावर, अनामिका तिसऱ्यावर, आणि आडव्या बोटाला जोर मिळावा म्हणून अंगठा नेकच्या मागे मधोमध न्यावा लागतो. अंगठा मागे गेला की बेचकं उघडतं, बेचकं उघडलं की नेकचा आधार जातो आणि तो खाली जातो. फार नाही, बोटभर. पण त्या बोटभर खाली जाण्याने बोटं चुकीच्या जागी पडतात, तार भर्र वाजते, आणि वाद्य सावरायला आपण नकळत उजवा हात जास्त दाबतो, मग मनगट ताठ होतं आणि स्ट्रमची, म्हणजे तारा छेडण्याची, लय जाते. मी कित्येक महिने समजत होतो की माझं बी फ्लॅट कच्चं आहे. रोज वीस वीस मिनिटं तेवढं एकच चेंज घोटायचो. एक दिवस वाद्य टेबलावर उशीच्या आधाराने टेकवून वाजवलं आणि तोच बी फ्लॅट पहिल्या झटक्यात स्वच्छ आला, तेव्हा कळलं की बोटांचा दोष नव्हता, बोटांना एकाच वेळी दोन कामं लावली होती.

मांडीवर ठेवून वाजवणं त्या मानाने बरंच बरं. खुर्चीत बसून वाद्य उजव्या मांडीवर टेकवायचं, पायाखाली देवघरातला पाट घेतला तरी चालतो, टेनरला हे छान जमतं. सोप्रानो इतकं लहान असतं की ते मांडीवर ठेवलं की आपणच त्याच्यावर वाकतो आणि अर्ध्या तासात मान भरून येते. जमिनीवर मांडी घालून बसलात तर वाद्य आणखी खाली जातं, तिथे मांडीवर घडी केलेली चादर घ्या. पँटवरून घसरत असेल तर ड्रॉवरमध्ये अंथरतात तसल्या जाळीदार रबरी मॅटचा तुकडा घ्या, स्वस्त आहे आणि खरंच उपयोगी आहे, फक्त वाद्याला जुन्या पद्धतीचं लॅकर असेल तर वाजवून झाल्यावर तो तुकडा वाद्याला चिकटून राहू देऊ नका, रबराचे डाग पडतात. मांडीची अडचण एकच, उभं राहिलात की संपलं. सोसायटीच्या गणपतीत गाताना कोणी खुर्ची देत नाही, आणि घरी बसून पक्कं केलेलं सगळं उभं राहिल्यावर परत डळमळतं.

हुकचा पट्टा बहुतेक जण पहिला घेतात, मीही घेतला, कारण वाद्याला भोक पाडावं लागत नाही. तो गळ्यात अडकवायचा, खाली वाद्याच्या मागून घ्यायचा आणि मधल्या गोल भोकाच्या खालच्या कडेला हुक लावायचा. वजन नक्की कमी वाटतं. पण दोन्ही हात सोडले की वाद्य पुढे कलंडतं, हुक सुटला तर थेट फरशीवर, म्हणून कॉर्डचा कागद उलटतानाही एक हात वाद्यावरच लागतो. मानेवर दोरी रुततेही, मे महिन्यात घामाने तर फारच. मुख्य म्हणजे माझा बी फ्लॅटचा प्रश्न यातून सुटला नाही, कारण आधार मिळतो तो वाद्याच्या पोटाला, नेकला नाही. ज्यांना सोप्रानोच वाजवायचंय आणि त्याला भोक पाडायचं नाहीये त्यांनी जरूर घ्यावा, माझ्या एका मैत्रिणीचं त्याच्यावर छान चाललंय.

शेपटाकडे, म्हणजे वाद्याच्या नेकच्या विरुद्ध टोकाला, पट्टा अडकवायचं एक बटण आणि पट्ट्याचं दुसरं टोक हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाला, तारांच्या खालून दोरीने बांधायचं असाही एक मधला मार्ग आहे. नेक सावरला जातो हे खरं, पण पट्टा डाव्या हाताच्या फार जवळून जातो, मला सारखा मनगटाशी लागायचा.

आता दोन बटणं. एक शेपटाकडे आणि एक हीलला, म्हणजे नेक जिथे पोटाला मिळतो तिथे. भोक पाडायचं म्हटल्यावर माझं मनच होत नव्हतं, सहा महिने वाद्य तसंच ठेवलं. शेवटी हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी आधी बारीक आरसा आत घालून लाकडाचा ठोकळा कुठे आहे ते बघितलं, कारण शेपटाकडचा स्क्रू आतल्या ठोकळ्यातच जायला हवा, नुसत्या पातळ फळीत बसवला तर ती चिरते. मग स्क्रूपेक्षा बारीक ड्रिलने भोक पाडलं, स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासली, बटणाखाली फेल्टची चकती ठेवली आणि हाताने, घाई न करता पिळलं. अर्ध्या तासाचं काम. वाद्याचा आवाज बदलला का, तर माझ्या कानाला तरी थोडा मोकळाच झालाय असं वाटतं, कारण आता वाद्याची पाठ अंगाशी आवळून धरावी लागत नाही.

आणि बी फ्लॅट. अंगठा मागे जातो, नेक जिथल्या तिथे राहतो. एवढंच हवं होतं मला.

वाद्य भारी किंमतीचं किंवा कोणाची आठवण असलेलं असेल तर भोक पाडायच्या आधी दहादा विचार करा, ते मलाही पटतं. पिकअपवालं, म्हणजे स्पीकरला जोडता येणारं, असेल तर शेपटाकडच्या वायर लावायच्या जॅकलाच पट्टा अडकतो का ते बघा, अनेकदा अडकतो, मग एकच बटण बसवावं लागतं. सोप्रानोवर खूश राहणारे असाल तर आधी वर्षभर नुसत्या हातांनीच वाजवा, उजव्या हाताला सवय चांगली लागते. पण टेनर असेल, किंवा कॉन्सर्ट असून उभं राहून गायचं असेल, तर मी हुकच्या पट्ट्यावर पैसे घालवायला सांगणार नाही.

हीलचं बटण पाठीच्या बाजूला बसवू देऊ नका, वाद्य पुढे झुकतं. माझं हीलच्या खालच्या अंगाला, जमिनीकडच्या बाजूला आहे आणि वाद्य अंगाला धरून राहतं. पट्ट्याची लांबी बसून ठरवा आणि तीच उभं राहिल्यावर ठेवा. आणि बटण बसवून आणलंत की पहिल्यांदा एफवरून बी फ्लॅटला जा आणि अंगठा पूर्ण सोडून बघा.