अर्धवट वाढलेला दात मेला तर: टोक बंद करायचं की मूळ वाढवायचं?

मुलाचा कायमचा दात हिरडीतून वर आल्यावर त्याचं मूळ पूर्ण व्हायला साधारण ३ वर्षं लागतात. तेवढ्यात मार लागून आतली नस मेली, तर मुळाचं टोक उघडं आणि भिंती पातळ राहतात. नेहमीचं रूट कॅनाल तिथे नीट बसत नाही.

पहिला पर्याय एपेक्सिफिकेशन, म्हणजे मुळाचं उघडं टोक बंद करणं. पूर्वी यासाठी महिनोन्‌महिने कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवत. आता एमटीए या सिमेंटसारख्या पदार्थाचा ३ ते ५ मिमीचा बूच बसवतात आणि एकदोन भेटींत काम होतं. भरवशाचं आहे, पण मूळ आहे तेवढंच राहतं. पातळ भिंत पुढे तडकू शकते.

दुसरा पर्याय रिजनरेटिव्ह उपचार, म्हणजे मूळ पुन्हा वाढावं असा प्रयत्न. दात आतून निर्जंतुक करून काही आठवडे औषध ठेवतात. मग टोकापलीकडे सुई नेऊन मुद्दाम रक्त आणतात. त्या गुठळीत मूळपेशी (स्टेम सेल) येतात, मूळ लांब-जाड होऊ शकतं. ‘होऊ शकतं’ एवढंच! शिवाय आत बहुधा खरी नस नव्हे, तर हाडासारखी किंवा सिमेंटमसारखी (मुळावरच्या कठीण थरासारखी) ऊती तयार होते. औषधात मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक वापरलं तर दात काळवंडू शकतो.

मूळ फारच आखूड असेल तर मी दुसऱ्याकडे झुकेन. वारंवार तपासणीला येणं जमणार नसेल, तर बूचच बरा.