गर्भरेशमी महेश्वरी: एकच साडी, वेगवेगळ्या अंगांवर

इंदूरच्या सीतलामाता बाजारात महेश्वरी मागितली की दुकानदार पटापट रंग उलगडायला लागतो. रंग नंतर बघा, आधी काठावर टेप लावा. सासू, सून आणि जावांमध्ये एकच साडी फिरणार असेल (इंदूरच्या मराठी घरांत ती फिरतेच), तर ती कोणाला खुलेल हे रंगापेक्षा काठाची रुंदी आणि रेघांची दिशा ठरवते.

हे परीक्षण गर्भरेशमीचं: ताणा (लांबीतले धागे) रेशमाचा, बाणा (पन्ह्यातले धागे) सुताचा. साडी 5.5 मीटर, वर सुमारे 80 सेंटीमीटर ब्लाउजपीस, पन्हा 45-46 इंच. रेशीम साडीच्या लांबीत धावतं, म्हणजे नेसल्यावर अंगाभोवती जातं. सूत पन्ह्यात असतं, म्हणून ते निऱ्यांत वरून खाली उभं राहतं. साडी अंगालगत बसते आणि निऱ्याही धरून राहतात, ते याचमुळे. निव्वळ रेशमी महेश्वरीत हे होत नाही. तिथे निऱ्या घसरतात आणि पिना वाढतात.

आता काठ. पाच फुटांच्या बाईचं कमरेपासून जमिनीपर्यंतचं अंतर साधारण 37 इंच. त्यात 6 इंचांचा काठ आला की नजर पायाशीच अडते आणि उंची आणखी कमी दिसते. तिला 2 ते 3 इंच पुरे. साडेपाच फुटांच्या पुढे 5 इंचांचाही काठ शोभतो. पदराच्या निरीची रुंदीही मोजा. ती साधारण 4-5 इंच असते. काठ त्याहून रुंद असेल तर तो मध्येच दुमडतो आणि खांद्यावर नक्षी अर्धीच दिसते. अशा साडीचा पदर मोकळा सोडलेला बरा. पण महेश्वरीच्या पदराला तीन रंगीत आणि दोन पांढरे असे पाच पट्टे असतात. मोकळ्या पदरात ते पाठीवर आडवे पसरतात. पाठ रुंद असेल तर निऱ्या घालून पिन लावलेला पदरच चांगला.

रेघांत सगळेच फसतात. दुकानाच्या गादीवर साडीच्या लांबीत गेलेली रेघ उभी वाटते, पण नेसल्यावर कमरेखाली तीच आडवी होते. बारीक अंगाला ती भरीव दाखवते, रुंद नितंबांना शोभत नाही. बेली, परबी अशा रेघा-चौकटींच्या साड्या म्हणूनच खांद्यावर टाकून नव्हे, कमरेभोवती एक वेढा घेऊन पाहाव्यात. चंद्रकला, म्हणजे रेघा-चौकटी नसलेली साधी महेश्वरी, सगळ्यांत उदार. घरात एकच घ्यायची तर तीच.

लांबीचाही हिशेब आहे. नितंबांचा घेर 36 ऐवजी 46 इंच असला तर दोन-सव्वादोन वेढ्यांत 20-22 इंच जास्त जातात. एका निरीला सुमारे 10 इंच लागतात, म्हणजे सातच्या जागी पाचच निऱ्या उरतात. अशा वेळी निरी अरुंद करू नका, पदर चार बोटं आखूड ठेवा. खळही बेतानं घाला. सूत ताठ झालं की भरल्या अंगावर साडी फुगते. सडपातळ मुलीला मात्र तोच फुगारा हवा असतो. ब्लाउजला कोपरापर्यंत बाही आणि छाती 40 च्या वर असेल तर 80 सेंटीमीटर कमी पडतात. वेगळं कापड घ्यावं लागतं.

रंग दिवसा, दाराशी येऊन बघा. ताणा आणि बाणा वेगळ्या रंगांचे असतील तर धूपछाव पडते आणि निरीच्या घडीत भलताच रंग डोकावतो. दुकानाच्या पांढऱ्या दिव्यात तो कळत नाही, आणि चेहऱ्यालगत पदराला नेमका तोच येतो.

तक्रार एक आहे, पण साडीबद्दल नाही. बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, साडी उलटीही नेसता येते. दुकानं मात्र बिल होताहोताच फॉल-पिको करून देतात, आणि फॉल लागला की एक बाजू गेली. साडी दोघी-तिघींत फिरणार असेल तर नुसती पिको करून घ्या. फॉल हवाच असेल तर सुती फॉल आधी रात्रभर भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि काठाला सुरकुत्या पडतात.