कुंड्यांसाठी अंड्याच्या टरफलांची पूड: घ्यावी का?

रोपवाटिकेत पाकिटातून मिळणारी ही पूड म्हणजे साधारण ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट. माल कसा आहे, ते बारीकपणावर ठरतं. चिमूटभर बोटांत चोळून बघा. टाल्कम पावडरसारखी लागली तर घ्या, रव्यासारखी खरखरली तर सोडा. रवाळ कण मातीत वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात.

व्हिनेगर टाकून फेस दाखवला तरी विसंबू नका. फेस संगमरवराच्या भुकटीलाही येतो. त्याऐवजी जुन्या पळीत चिमूटभर पूड गॅसवर तापवा. खरी असेल तर काळपट पडते आणि केस जळल्यासारखा वास येतो, कारण टरफलात थोडं प्रथिन असतंच. पाकीट उघडताच कुबट वास आला, तर टरफलाच्या आतला पापुद्रा नीट वाळलेला नाही. अशा पुडीला मुंग्या लागतात.

कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत ही पूड खरंच कामाची. १२ इंची कुंडीला दोन चहाचे चमचे, लागवडीआधी तीन-चार आठवडे कालवून ठेवा. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत मात्र घालू नका. तिथे कॅल्शियम मुबलक असतं. मातीचा सामू (पीएच) आणखी चढला की रोपाला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

टोमॅटोची बुडं काळी पडणं लगेच थांबेल, या दाव्यावर पैसे घालू नका. पूड इतक्या लवकर विरघळत नाही, आणि मूळ दोष बहुधा पाण्याच्या अनियमित पाळ्यांचा असतो.